जालन्याचा समुद्रकिनारा

आपल्या गावाच्या इतिहासावर पुस्तक लिहायची हौस असेल, तर माणसाने शक्यतो समुद्रकिनाऱ्यावर जन्म घ्यावा. चौलचंच बघा. १४६९ साली अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन तिथे उतरला आणि लगेच प्रवासवर्णनात चौलचं नाव आलं. १६३५ साली आंतोनियु बुकारूने पोर्तुगालच्या राजासाठी पूर्वेकडच्या किल्ल्यांचा ग्रंथ तयार केला, त्यात चौल आणि वसईचे रंगीत नकाशे. १८७६मध्ये जेर्सन द कुन्हा यांनी याच दोन गावांवर जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिलं. १८८३मध्ये कुलाब्याचं गॅझेटियर आलं. १९२४मध्ये राजवाड्यांनी महिकावतीची बखर छापून केळवे-माहीमची सोय लावली. त्यानंतर दिवाळी अंकवाले आले, ते अजून उठलेले नाहीत. आजोळचं घर, मागची वाडी, पुढची पुळण यावर प्रत्येक कोकणी माणसाचा एक तरी लेख असतोच, आणि त्यातला निम्मा तरी चांगला असतो, हे आम्हा कोरड्या मुलखातल्या वाचकांचं खरं दुखणं.

बंदराचा नकाशा काढावाच लागतो, हे त्याचं कारण. खडक कुठे, खोली किती, भरतीला पाणी कुठवर चढतं, हे कागदावर नसेल तर जहाज फुटतं आणि मालकाचं दिवाळं निघतं. जालन्यात बैलगाडी खड्ड्यात आपटली म्हणून लिस्बनहून कोणी नकाशे काढणारा पाठवल्याची नोंद नाही. खड्डा मात्र तसाच आहे.

मी जालन्याचा. आमच्याकडून मुंबईचा समुद्र रेल्वेने चारशेहून अधिक किलोमीटर. तोही पश्चिमेला, आणि आमच्या नद्या बघाव्यात तर त्या पाठ फिरवून पूर्वेला निघालेल्या. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि गोदामाई सगळ्यांना घेऊन जाते थेट बंगालच्या उपसागराकडे. जवळचा समुद्र सोडून लांबच्या समुद्राला जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत असावी. लग्नाच्या याद्यांमध्येही हेच दिसतं.

तरीही माझ्या कपाटाचा एक कप्पा जालन्याचा आहे. आमचे एक मित्र सळईच्या धंद्यात आहेत. लोखंड टनावर तोलायची सवय, त्यामुळे तो कप्पा त्यांनी एकदा नुसत्या नजरेने तोलला आणि म्हणाले, "सर, एवढाच इतिहास? आमच्या गेल्या महिन्याच्या चलनांची फाईल याच्यापेक्षा जाड हाये." त्यांना म्हटलं, इतिहास कमी नाही, लिहिणारे कमी पडले. आणि जे लिहून गेले ते बहुतेक वाटसरू होते. कोणी चढाई करायला आला, कोणी मोजणी करायला, कोणी महसूल ठरवायला. इथे मुक्काम करून, इथलं पाणी पिऊन, इथल्याच माणसांसाठी लिहिलेलं फार थोडं. याला एक बाजू अशीही आहे, की इथल्या माणसाला नकाशाची गरजच नव्हती. गांधी चमनपासून मस्तगडाला कसं जायचं, हे कळायला कागद कशाला लागतो?

जुन्या नकाशांत आमची अवस्था जरा बिकटच. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या माहितीवरून जे नकाशे पुढे युरोपात काढले गेले, त्यांत हिंदुस्थानाचं खालचं टोकच नाही. किनारा सरळ पूर्वेकडे निघालेला आणि श्रीलंका भारताशी बरोबरी करायला आल्यासारखी अवाढव्य. पैठण त्यात आहे, राजधानी म्हणून. मग पैठणच्या शेजारचे आम्हीही त्या कागदावर कुठेतरी असणार, आणि कागद इतका चेपलेला असल्यामुळे समुद्र आम्हाला आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ पडत असणार. कोणाही जालनेकराला समुद्राजवळ नेणारा तेवढाच एक नकाशा. पुढे १७८२ साली जेम्स रेनेलने हिंदुस्थानचा मोठा नकाशा छापला. हा गृहस्थ आधी आरमारात होता, म्हणून की काय, त्याचा किनारा कसा रेखीव, गावाला गाव लागून नावं. घाट चढून आत आलं की मात्र नावं विरळ होत जातात आणि मोकळी जागा वाढते. आम्ही त्या मोकळ्या जागेत राहतो.

सर्व्हे ऑफ इंडियाने ही कसर भरून काढली, पण तीही आपल्या पद्धतीने. त्यांच्या जुन्या क्रमवारीत चार-चार अंशांचे चौकोन पाडलेत. त्यातला ४६ क्रमांकाचा चौकोन वीस अक्षांशावर संपतो आणि तिथेच ४७ सुरू होतो. ही वीस अंशांची रेघ नेमकी जालना आणि भोकरदन यांच्या मधून जाते. त्यामुळे जालना शहर ४७च्या 'एम' पत्रकात आणि भोकरदन ४६च्या 'पी' पत्रकात. एकच जिल्हा बघायचा तर दोन कागद जोडून जमिनीवर अंथरावे लागतात आणि घरातल्या माणसांनी तेवढा वेळ स्वयंपाकघरात जायला दुसरी वाट शोधावी लागते. या पत्रकांत बारमाही पाणी निळं आणि कोरडा ओढा काळ्या रेघेचा. कोकणातलं एखादं पत्रक शेजारी ठेवून बघा. त्यांची निळाई नुसती सांडलेली असते. आमच्याकडे काळ्या रेघांचं जाळं. चैत्र-वैशाखात टँकरच्या मागे उभं राहून ज्याने घागर भरली आहे, त्याला तो नकाशा वाचायला सूची लागत नाही.

आता गॅझेटियर. निजाम सरकारसाठी औरंगाबाद जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८४मध्ये छापलं. जालना जिल्हा १ मे १९८१ला झाला, तोवर आम्ही औरंगाबादच्या पोटातच होतो, परतूरकडचा भाग परभणीच्या. म्हणजे आमचा इतिहास दुसऱ्याच्या पुस्तकात पाहुणा म्हणून आलेला. माझ्याकडे त्या गॅझेटियरच्या जालन्याच्या पानांची झेरॉक्स आहे. झेरॉक्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. मूळ पुस्तक जाड, बांधणी घट्ट, तेव्हा ज्या कोणी ते काचेवर दाबून धरलं त्याचा अंगठा प्रत्येक पानावर उमटलाय. डाव्या कोपऱ्यात नखासकट, काळाभोर. जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि तिथून नळांनी शहरात पाणी खेळवलं, ही हकीगत नेमकी त्या अंगठ्याखाली आहे. नळ कुठून कुठे गेले ते वाचायला गेलं की अंगठा आडवा येतो. आजही आमच्या शहरात पाणी कधी येणार याची चौकशी केली की साधारण हेच होतं.

त्याच पानांवरून कळतं की अबुल फजल काही काळ जालन्यात होता. आणि १७२५मध्ये निजामाच्या हुकुमावरून काबिलखानाने इथला किल्ला उठवला. गावाच्या नावाचीही एक गोष्ट सांगतात. रामायणकाळी सीतामाईचा इथे वास होता, तेव्हा याचं नाव जनकपूर, आणि पुढे एका श्रीमंत मुसलमान विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या सोयीने झालं जालना. खरं-खोटं देव जाणे. पण सीतामाई आणि विणकर एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात, हे मला त्या कोरड्या पुस्तकातलं सगळ्यात सुंदर वाक्य वाटतं. बाकी सगळ्या शहराला 'जालना सोने का पालना' एवढं एकच पाठ आहे आणि तेवढ्यावर त्याचं भागतं.

पण आमच्या जिल्ह्याचं खरं नाव जगभर झालं ते एका गावाने, आणि तेही भोकरदनजवळच्या आसईने. २३ सप्टेंबर १८०३ला तिथे लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लूवाला. इंग्रजी युद्धशास्त्राच्या पुस्तकांत आसईचा नकाशा हमखास असतो. केळणा नदी खाली, जुई वर, मधली चिंचोळी पट्टी, त्यात निळे-तांबडे ठोकळे. केळणेला ते कैतना म्हणतात, आणि एकाने लिहिलं म्हणून पुढच्या सगळ्यांनी तेच उतरवलं. पिंपळगाव, वरूड, भोकरदन, बदनापूर ही नावं इंग्रजांच्या हाती लागून अशी सुजलीत की गावच्या पोस्टमनलाही ओळखू येऊ नयेत.

ही लढाई मी नकाशावर अनेकदा लढलो आहे, आणि माझं मत असं की ती तोफांनी जुंपली नाही, एका पत्त्याने जुंपली. झालं असं. २१ तारखेला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. बेत ठरला की दोघांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ला मिळून भोकरदनवर हल्ला करायचा. शत्रू भोकरदनला आहे, अशी हरकाऱ्यांची पक्की बातमी होती. २३ला वेलस्ली नळणीला पोचतो तर कळलं, शत्रू भोकरदनला नाही, दोन-तीन कोसांवर समोरच आहे. स्टीव्हन्सन लांब राहिला आणि वेलस्लीला एकट्याने लढावं लागलं. मागाहून त्याने स्वतःच उलगडा केला की भोकरदन हे जसं गावाचं नाव तसं परगण्याचंही. छावणी भोकरदनपासून आसईपर्यंत पसरलेली. हरकारे म्हणाले भोकरदन, आणि ते खोटं नव्हतं.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एसटीत शेजारच्याला विचारा, "कोणतं गाव?" तो म्हणतो, भोकरदन. तुम्ही म्हणता, अरे वा, भोकरदनला आमचे साडू राहतात, बसस्टँडच्या मागे. मग तो सावकाश सांगतो की तसं भोकरदन नाही, तिथून पुढे वीस किलोमीटर, फाट्यावर उतरून आत, आमची वाडी. खोटं कोणीच बोललेलं नसतं. परक्याला आपली वाडी काय कळणार म्हणून त्याला कळेल असं मोठं नाव सांगायचं, हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. या शिष्टाचारात एक ब्रिटिश सेनापती सापडला, एवढंच.

पुढचा प्रसंग त्याहून मजेचा. समोर केळणा, सप्टेंबरचं पाणी, पलीकडे शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीने वाटाड्यांना विचारलं, खालच्या अंगाला नदीला उतार आहे का? वाटाडे म्हणाले, नाही. साहेबाने दुर्बीण लावली. नदीच्या दोन काठांवर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड, अगदी समोरासमोर. तो म्हणाला, एवढी जवळ दोन गावं आहेत आणि माणसं इकडून तिकडे जात नाहीत, असं होणारच नाही. माणूस पाठवून पाहिलं. उतार होता. फौज त्या उताराने गेली आणि पुढचं सगळं पुस्तकात आहे. पोलमान या हानोव्हरच्या माणसाने मराठ्यांची कवायती पलटण मोठ्या शिताफीने वळवून समोर उभी केली. इंग्रजांची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, ७४व्या पलटणीची तर वाताहत झाली, आणि शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या. म्हातारपणी वेलिंग्टनला कोणी विचारलं की तुमची सर्वांत सरस लढाई कोणती, तर त्याने वॉटर्लू सोडून आसईचं नाव घेतलं.

इंग्रज लेखक साहेबाच्या अक्कलहुशारीवर पानं भरतात. ती होतीच. पण मला नेहमी त्या वाटाड्यांचं कौतुक वाटतं. उतार नाही म्हणाले! दोन गावांत सोयरीक असणार, जत्रेला येणंजाणं असणार, गुरं पाण्यातून पार होत असणार, आणि हे म्हणतात उतार नाही. मूर्ख होते, असं तिकडच्या पुस्तकांचा सूर सुचवतो. मला वाटतं, शहाणे होते. पलटण आपल्या गावातून जाणं म्हणजे काय, हे त्या मुलखाला ठाऊक होतं.

कारण वाट सांगायचीच असली तर आमच्याकडचा वाटाड्या कशी सांगतो, याचाही दाखला आहे, आणि तोही जालन्याचाच. १६७९च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी जालन्याची पेठ लुटली. चार दिवस मुक्काम होता. मोठी लूट घेऊन परतताना मोगल फौज मागे लागली, संगमनेरजवळ गाठ पडली, सिधोजी निंबाळकर तिथे पडला. अशा वेळी बहिर्जी नाईकाने महाराजांना आडवाटांनी, रात्रंदिवस चालवत, पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेऊन घातलं. महाराजांनी तिथे विश्रांती घेतली म्हणून तो विश्रामगड. बहिर्जीकडे नकाशा होता का? असला तरी कागदावर नव्हता. एक वाट कोणी कोणाला दाखवावी, हे कागदावर येत नाही. वेलस्लीला वाटाड्यांकडून उतार मिळाला नाही आणि महाराजांना घाट मिळाला, यात भूगोलाचा दोष कमी.

आता समुद्राकडे येतो. आसई जिंकल्याचा आनंद इंग्रजांना इतका झाला की त्यांनी ते नाव जिकडेतिकडे लावलं. इंग्लंडात टिडवर्थला आसईच्या नावाची बराक आहे. बंगळुरात आसईच्या नावाचा रस्ता आहे, तिथल्या रिक्षावाल्यांना हे आमच्या भोकरदनजवळचं गाव आहे हे माहीत असण्याचं कारण नाही. बर्नार्ड कॉर्नवेलने 'शार्प्स ट्रायम्फ' ही कादंबरी याच लढाईवर बेतली. पण माझी आवडती हकीगत जहाजाची. १८५४ साली मुंबईच्या गोदीत, वाडिया कारागिरांच्या हातून, ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदी आरमारासाठी सागवानी लढाऊ आगबोट बांधली गेली. तिचं नाव 'आसई'. तिच्या जोडीची दुसरी 'पंजाब'. जिथे होडी फक्त पाठ्यपुस्तकात दिसते अशा गावाचं नाव घेऊन ही बोट इराणच्या आखातात गेली आणि १८५६च्या बुशहरच्या मोहिमेत लढली. पुढे १८६३मध्ये दोन्ही बोटी विकल्या गेल्या. जॉन विलिस नावाच्या लंडनच्या जहाजमालकाने त्या घेतल्या. 'पंजाब'चं इंजिन काढून, शिडं चढवून त्याने तिला 'ट्वीड' केलं, आणि तिची बांधणी त्याला इतकी आवडली की पुढे १८६९ची जगप्रसिद्ध 'कटी सार्क' बांधताना ती नजरेसमोर होती. आमची 'आसई' मात्र विलिसने लगेच विकून टाकली, म्हणे चांगल्या भावात. नंतर थोड्याच दिवसांत ती आयर्लंडच्या किनाऱ्याला फुटली. वेलस्लीचा जन्म आयर्लंडचा, डब्लिनचा. आसईवर तो आला होता, आसई त्याच्याकडे जाऊन आली. फिटंफाट.

ही गोष्ट सळईवाल्या मित्रांना सांगितली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, "भंगार कोणी घेतलं?" सागवानी होती म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

आणि यालाही कोणी अलीकडची गोष्ट म्हणेल, तर त्याला भोकरदनच्या पांढरीवर न्यावं. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना ज्यांनी देणग्या दिल्या त्यांच्या नावांत भोगवर्धनची माणसं आहेत, दगडात कोरलेली. आमच्याकडच्या माणसाने देवळाला पंखा दिला तरी पात्यांवर नाव घालतो, ही परंपरा एवढी जुनी आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठाने इथे उत्खनन केलं. देव आणि गुप्ते यांचा अहवाल १९७४चा. त्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली, मोडकी, वरचा भाग नाही, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. आणि पुरातत्त्ववाल्यांचे डोळे चमकले. कारण अशीच एक, अखंड, वीतभराहून थोडी उंच मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या एका घरात मिळाली होती. व्हेसुव्हियस फुटला इसवी सन ७९मध्ये, त्या राखेखाली ती गाडली गेलेली. पाँपेईची ती बाई भोकरदनकडचीच असावी, असं काही अभ्यासक मानतात.

ती गेली कशी, ते 'पेरिप्लस' या समुद्री वाटाड्याच्या पुस्तकावरून ताडता येतं. लिहिणारा कोणी ग्रीक व्यापारी. त्याला पैठण ठाऊक आहे, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. तेर ठाऊक आहे, पैठणहून पूर्वेला दहा दिवस. ही सगळी शहरं बैलगाड्यांनी भडोचला माल आणतात आणि वाट वाईट आहे, रस्ते नाहीत, असंही तो नोंदवतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाने मराठवाड्याबद्दल लिहिलेलं आजही जसंच्या तसं खरं ठरावं, हे फार थोड्या ग्रंथांच्या नशिबी असतं. (समृद्धी महामार्ग झाल्यापासून तक्रारीला जरा कमी वाव आहे, हे मान्य. पण महामार्गावरून उतरून आत वळलं की पेरिप्लस पुन्हा लागू होतो.) तर त्या गाडीतून ही बाई भडोचला गेली असेल, तिथून मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्राला, मग नाईल, मग रोमन भूमी. हल्ली मुक्काम नेपल्सच्या संग्रहालयात, गुप्त दालनात. पाँपेईत सापडलेल्या ज्या वस्तू मागच्या लोकांना बायकापोरांसमोर ठेवण्यासारख्या वाटल्या नाहीत, त्यांच्यासाठी ते दालन. परदेशी गेलेल्या आमच्या पहिल्या मानकरणीला तिथे असं आडबाजूला ठेवलंय, याचं जरा वाईट वाटतं. पण लेक दिल्या घरी सुखी असली म्हणजे झालं.

सरकारला हा सगळा इतिहास माहीत असेल असं वाटत नाही, पण २०१५च्या डिसेंबरात जालन्याजवळ बंदराचं भूमिपूजन झालं. खरंखुरं, न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराचं, कोरडं बंदर. कंटेनर इथेच भरायचे, इथेच कस्टमचे शिक्के, मग रेल्वेने समुद्राकडे. इंग्रजीत ड्राय पोर्ट. मी ती बातमी कापून कप्प्यात, द कुन्हांच्या शेजारी ठेवली. चौलचं बंदर गाळाने भरून संपलं. आमच्या बंदरात गाळ साचायचा प्रश्न नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी ठरवलं की वेलस्लीचा तो केळणेचा उतार डोळ्यांनी बघून यायचा. सोबत ४६चं पत्रक, एका इंग्रजी पुस्तकातला लढाईचा नकाशा आणि पाण्याची बाटली. गावाच्या अलीकडे, नदीच्या काठाने, पाराखाली चार-पाच जण बसलेले. मी मोटरसायकल लावली आणि नकाशा उघडला. हीच चूक आमच्याकडे कोणी करत नाही, कारण नकाशा उघडणारा माणूस म्हणजे एक तर मोजणीवाला, नाही तर भूसंपादनवाला, नाही तर टॉवर बसवणारा. पारावरची बोलणी थांबली. पागोटेवाले एक आजोबा होते, त्यांना विचारलं, "आजोबा, राम राम. इथं नदीला जुना उतार कुठं होता?"

"उतार?" त्यांनी नदीकडे न बघता सांगितलं. "इथं उतार-बितार काही नाही."

नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं. त्यांच्या पाठीमागेच एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन पलीकडून अलीकडे येत होती. मी म्हटलं, त्या आल्या की. ते म्हणाले, "तिचं येगळं." आणि तंबाखू मळायला घेतली.

मग चहा आला. तुम्ही कुठले, इथपासून चौकशी निघाली. जालना. जालना म्हणजे कुठलं? कादराबाद की नवा जालना? मूळ गाव कोणतं? मूळ गाव अंबडकडचं. अंबडकडे आडनाव काय? आडनाव सांगितल्यावर पारावरच्या एकाला आठवलं की त्याच्या चुलतीच्या माहेरची सोयरीक त्याच गावची. दोन मरणं आणि एक लग्न यांची उजळणी झाली. मास्तर होतो हे कळल्यावर जरा जागा करून दिली. "मग नकाशा कशाला?" "इंग्रजांच्या लढाईचा आहे, आजोबा. दोनशे वर्षांमागचा." "म्हंजे रस्त्याचा न्हाई?" "रस्त्याचा नाही."

आजोबांनी तंबाखूची चिमूट दाढेत धरली, काठी टेकून उठले आणि नदीकडे चालायला लागले. काठावर येऊन काठीनेच दाखवलं, "ह्ये काय, हितनं. माझ्या आज्याच्या टायमापून गाडी जाती हितनं, जत्रंला समदं गाव जातंय. पलीकडं त्यो बाभळीचा झुडपा दिसतो ना, तिथं वर निघायचं. आधी सांगायचं ना मास्तर. मला वाटलं मोजणीवाले."